डबा बसला, आता ड्रायव्हर बसत नाहीत

गोदामातून गाड्या सोडण्याचं काम २७ वर्षं केलेल्या, कोपरखैरण्यात राहणाऱ्या आमच्या ताई या पानावर वाचकांना उत्तरं देतात. कंपनीच्या गाड्यांवरच्या जीपीएसबद्दल, म्हणजे गाडी कुठे आहे ते ऑफिसला कळवणाऱ्या डब्याबद्दल, पत्रं मागवली होती. आलेल्यांतली पाच इथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे. स्वतःच्या १८ गाड्या आहेत, ११ छोटा हत्ती आणि ७ चौदा फुटी ट्रक. तीन आठवड्यांपूर्वी सगळ्यांना जीपीएस बसवला. तेव्हापासून दोन ड्रायव्हर सोडून गेले, पाच गाड्यांचे डबे दर दोन दिवसांनी ‘ऑफलाइन’ होतात आणि बाकीचे माझ्याशी कामापुरतंच बोलतात. एकाने तोंडावर विचारलं, “शेठ, चोर समजता का?” चोर समजत नाही हो, पण डिझेलचं बिल बघून झोप उडते हेही खरं. डबे काढून टाकू का?

उत्तर : काढू नका. पण एक विचारते, बसवले कुठल्या वारी? तुम्ही लिहिलेलं नाही, तरी रविवारच असणार. गाड्या उभ्या, ड्रायव्हर घरी, ऑटो इलेक्ट्रिशियन मोकळा. आमच्याकडेही रविवारच होता, २०१६ च्या जूनमधला. आमचं काम दुसऱ्यांचा माल ठेवायचा आणि पोचवायचा, गोदाम तुर्भ्याला, गाड्या २२. शेठनी एका दिवसात बावीसही डबे डॅशबोर्डच्या आत लपवून ठोकून घेतले आणि कुणाला बोलू नका म्हणाले. गाडीत एक स्क्रू बदलला तरी ड्रायव्हरला कळतं. सोमवारी पहिल्याच फेरीला एकाने फ्यूजचं झाकण उघडलं, त्याला दोन नव्या वायरी दिसल्या, आणि दहा वाजेपर्यंत सगळ्यांना खबर. आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, त्यांना सगळे मामाच म्हणायचे, संध्याकाळी आले, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “बाई, एकोणीस वर्षं ही रात्री माझ्याकडे असते. आजपासून तुम्ही ठेवा.” मी ती उचलली नाही, त्यांनीही नाही. रात्रभर तिथेच होती.

पुढचे पंधरा दिवस शेठनी जेवणाच्या ताटाशेजारी मोबाईल ठेवून काढले. नकाशावर गाडी लाल झाली की फोन. कुठे आहेस, का थांबलास, चहाला किती वेळ लागतो. एका दुपारी एक चौदा फुटी तळोज्याला २ तास १० मिनिटं जागची हलली नाही. शेठनी त्या पोराला फोनवर असं झापलं की ऐकणारे आम्हीच खाली माना घालून बसलो. संध्याकाळी तो गेटपास घेऊन आला. आत गेल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, दोन्हींवर शिक्का. गिऱ्हाइकाच्या स्टोअरचा माणूस जेवायला गेला होता, म्हणून आमची गाडी त्यांच्या आवारात उन्हात उभी होती. गाडी थांबली हे नकाशा सांगतो. कोणी थांबवली ते सांगत नाही.

त्याच आठवड्यात दुसरी भानगड. रात्री घराखाली लावलेली गाडी सकाळच्या रिपोर्टमध्ये ४ किलोमीटर फिरून आलेली दिसली. ड्रायव्हर आईची शपथ घेऊन सांगत होता की हलली नाही, आणि त्याचंच खरं होतं. (असं का दिसतं ते पुढच्या उत्तरात सांगते.) शेठनी त्याचा भत्ता कापला. तिसऱ्या दिवशी सहा डबे बंद. तुमच्या पाच डब्यांचा दोष नेटवर्कला देऊ नका, तुम्हालाही कारण माहीत आहे.

जुलैच्या शेवटी शेठच कंटाळले आणि काढून टाका म्हणाले. मी नको म्हटलं, कारण तळोज्याच्या त्या गेटपासने माझ्या डोक्यात किडा सोडला होता. मी महिन्याभराच्या थांब्यांचा रिपोर्ट काढला, आणि ड्रायव्हरच्या नावाने न लावता गिऱ्हाइकाच्या नावाने लावला. चार गिऱ्हाइकं वर आली. एकाकडे तर आमची प्रत्येक गाडी दीड-दीड तास उभी. करारात एका तासापुढे डिटेन्शन, म्हणजे गाडी खोळंबून ठेवल्याचे पैसे, लिहिलेलं होतं, पण आम्ही ते कधी मागितलंच नव्हतं. मागणार कशाच्या जोरावर, ड्रायव्हरच्या तोंडी सांगण्यावर? आता तारीख, वेळ, जागा सगळं छापून मिळत होतं.

मी शेठकडे दोन गोष्टी मागितल्या. डिटेन्शनचे जे पैसे येतील त्यातले अर्धे त्या गाडीवरच्या ड्रायव्हर-क्लिनरला. आणि साठ दिवस डब्यावरून कुणाचा रुपया कापायचा नाही, कुणाला ‘का थांबलास’ म्हणून फोन करायचा नाही. पहिल्याला ते लगेच हो म्हणाले. दुसऱ्याला दोन दिवस लागले.

मग एका शनिवारी गाड्या परत आल्यावर सगळ्यांना गोदामाच्या शेडमध्ये बसवलं, वडापाव मागवले, आणि न सांगता डबे लावले ही चूक झाली, एवढं आधी सांगितलं. शेठ खांबाला टेकून उभे होते. बोलले काही नाहीत, पण निघूनही गेले नाहीत. मग एका गाडीतला डबा काढून सगळ्यांच्या हातांतून फिरवला. पहिला प्रश्न आला, यात माईक आहे का? गाडीत बोललेलं ऑफिसात ऐकू येतं अशी सगळ्यांची खात्री होती. तुमच्या ड्रायव्हरांचीही असेल. ही भीती अगदी हवेतली नाही, काही डब्यांना माईक जोडता येतो. आमच्यात नव्हता, ते इलेक्ट्रिशियनने उघडून दाखवलं. तुमच्यात असेल तर आधी काढा, मग सभा घ्या. त्या दिवसापासून स्क्रीन माझ्या केबिनमधून उचलून बिल्टीच्या, म्हणजे मालाच्या पावत्यांच्या, खिडकीशेजारी लावला. ज्याला बघायचं त्याने बघावं.

मामांना लगेच पटलं वगैरे काही नाही. ते स्क्रीनकडे पाठ करून चहा प्यायचे. सप्टेंबरमध्ये त्यांच्या हातावर डिटेन्शनचे ३५० रुपये पडले, तेव्हा विचारलं, “हे कुठल्या गेटचं?” पुढच्या आठवड्यापासून गेटवर पोचले की त्यांचाच फोन यायचा, “बाई, घड्याळ लावा.”

आता जे तुम्हाला आवडणार नाही ते. त्या स्क्रीनवर डिझेलचा सगळ्यात मोठा चोर सापडला, तो मी होते. बिलं ज्या क्रमाने फाटायची त्या क्रमाने मी गाडी भरायची. बिल नंबर ४१ महापे, ४२ तळोजा, ४३ रबाळे. म्हणजे गाडी तुर्भ्याहून महापे, तिथून शिळफाट्यावरून तळोजा, आणि पुन्हा त्याच शिळफाट्याच्या गर्दीतून उलटी रबाळ्याला. ड्रायव्हरांनी मला हे अनेकदा सांगितलं होतं. मला वाटायचं, कंटाळा करतात. नकाशावर त्या गाडीची रेघ बघितली आणि लाज वाटली. लहान पोराने खडूने गिरगोटावं तशी. भिवंडीच्या गाडीचंही तेच. मानकोलीचा माल आधी भरून तळाशी गेलेला, त्यामुळे गाडी मानकोली ओलांडून पुढे जायची, वरचा माल उतरवायची आणि मानकोलीला परत यायची. मग आदल्या संध्याकाळी बिलं रस्त्याच्या क्रमाने लावायची आणि माल उलट्या क्रमाने भरायचा, एवढंच बदललं. एखादा कोपरा कळला नाही तर मी मामांना विचारायची.

डिझेल किती वाचलं याचा आकडा मी देणार नाही. त्या महिन्यांत भावही हलत होते आणि फेऱ्याही. शेठ आजही तो आकडा सांगतात आणि दर वर्षी तो थोडा वाढतो.

तुमचा माल स्वतःचा आहे, त्यामुळे डिटेन्शन कदाचित मागता येणार नाही. पण माल उतरवायची ठरलेली वेळ गिऱ्हाइकाकडून मागता येईल आणि ती पाळली जात नाही हे दाखवता येईल. ड्रायव्हरची बारा तासांची ड्यूटी झाली तर ती डब्यावर दिसतेच, मग ओव्हरटाइमही त्याच डब्यावरून द्या. फक्त उशीर मोजणारा डबा कुणाला आवडेल? आणि ते सगळे अलार्म आजच बंद करा. ‘जोरात ब्रेक’ची घंटी कल्याण फाट्याच्या खड्ड्यांतही वाजते, ड्रायव्हरने काहीही न करता. वेगाचा एकच अलार्म ठेवा, बाकीचे दिवाळीनंतर बघू. सोडून गेलेल्या दोघांना फोन करा. एक तरी येईल.

प्रश्न : उपग्रहाला माझी गाडी वरून दिसते का? ढग आले की दिसत नाही का? (नेरूळ, इयत्ता लिहिलेली नाही, पण अक्षर शाळेतलं आहे.)

उत्तर : नाही दिसत, बाळा. उपग्रहाला तुझी गाडी, तू, नेरूळ, काहीच माहीत नाही. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात आणि आकाशवाणीसारखे फक्त बोलत राहतात, ‘मी अमुक, आत्ता इतके वाजले.’ गाडीतला डबा ऐकतो. कुणाचा आवाज किती उशिरा पोचला यावरून तो उपग्रह किती लांब आहे ते काढतो. जागा ठरवायला निदान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. तिघांवरून जागा आणि चौथा कशाला, तर डब्यातलं घड्याळ स्वस्तातलं असतं, त्याची चूक काढायला. जीपीएस अमेरिकेचं, आपल्या इस्रोचं ‘नाविक’ आहे, त्याचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये सुटला. ढगांनी फारसं बिघडत नाही. बिघडतं ते उंच इमारतींनी आणि पुलांनी. आवाज भिंतीवर आपटून येतो, लांबचा रस्ता घेतो, आणि डब्याला वाटतं आपण पलीकडच्या गल्लीत आहोत. पुढच्या क्षणी वाटतं अलीकडे आहोत. उभी गाडी अशी रात्रभर नकाशावर उड्या मारते आणि सकाळी उड्यांची बेरीज ४ किलोमीटर होते.

वरच्या शेठनी हे वाचलं असेल अशी आशा आहे. ‘इग्निशन बंद असताना जागा गोठवा’ अशी सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते, ती चालू करून घ्या.

आणि ऑफिसला जे दिसतं ते उपग्रहाकडून येत नाही. डब्यात मोबाईलसारखं सिम असतं, ते इंटरनेटवरून कळवतं. मधे रेंज गेली तर चांगला डबा नोंदी जपून ठेवतो आणि रेंज आली की एकदम पाठवतो. म्हणून कधी कधी नकाशावरची गाडी अर्धा तास झोपते आणि मग दोन सेकंदांत दहा किलोमीटर पळते.

प्रश्न : मी घणसोलीला राहतो, सर्व्हिस इंजिनिअरांना नेणारी कंपनीची गाडी चालवतो. गाडी रात्री माझ्याकडेच असते आणि रविवारी घरच्यांना न्यायला साहेबांची परवानगी आहे. आता जीपीएस लागलाय. मागच्या रविवारी सासुरवाडीला गेलो, तर सोमवारी ऑफिसातला एकजण हसत म्हणाला, “काय, मुरबाडला मटण जोरात?” बायकोला फार लागलं. वर आता माझ्या स्वतःच्या मोबाईलमध्येही कंपनीचं ॲप टाका म्हणतात. नाही म्हणू शकतो का?

उत्तर : भाऊ, त्या हसणाऱ्या माणसाला स्क्रीन बघायचं काम होतं का, हे आधी शोधा. बहुतेक नसणार. एकच पासवर्ड सगळ्या ऑफिसला माहीत असतो, तो कीबोर्डच्या खाली चिकटवलेला असतो आणि रविवारी ज्याला करमत नाही तो उघडून बसतो. तुमच्या साहेबांना सांगायचं ते हे. मुरबाडला गेलात याचं काही नाही, परवानगी होती. ते कुणी आणि का बघितलं, एवढंच विचारा. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी कधी उघडलं याची नोंद राहते.

कायद्याचं सांगते, पण मी वकील नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. मात्र त्याच कायद्यात नोकरीच्या कामासाठी आणि स्वतःचं नुकसान टाळण्यासाठी मालकाला मोकळीक दिलेली आहे. त्यामुळे ‘माझी संमती नाही’ एवढं म्हणून कंपनीच्या गाडीतला डबा निघणार नाही. गाडी त्यांची आहे. पण रविवारचा प्रवास नोकरीचं काम नाही, आणि तुमचा मोबाईल त्यांचा नाही. ॲपला तोंडावर नाही म्हणून भांडण काढू नका. ‘कंपनीचा फोन द्या, त्यात टाकतो, ड्यूटी संपली की गाडीत ठेवतो’ असं लेखी द्या. फोन दिलाच नाही आणि टाकावंच लागलं, तर मोबाईलच्या सेटिंगमध्ये लोकेशनची परवानगी ‘ॲप वापरताना फक्त’ अशी ठेवा.

आमच्याकडे तीन गाड्या अशा घरी जायच्या. त्यांना सुट्टीच्या दिवशी ‘खासगी’ हे बटण होतं. दाबलं की किलोमीटर मोजले जायचे, रस्ता दिसायचा नाही. ते बटण मागा. बायकोला सांगा, मटणाचं बोलणाऱ्याला पुढच्या वेळी डबा भरून द्यायचा, तिखट जास्त घालून.

प्रश्न : वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीच्या ९ मालाच्या गाड्या आणि कामगारांना आणणाऱ्या २ बस आहेत. तीन विक्रेत्यांनी दर दिले आहेत. एकजण म्हणतो ‘एआयएस १४०’चाच डबा घ्यावा लागतो, नाहीतर पासिंग होणार नाही. दुसरा म्हणतो काही गरज नाही. तिसरा इंजिन मोबाईलवरून बंद करायची सोय फुकट देतो आहे. कुणाचं ऐकावं?

उत्तर : पहिले दोघेही अर्धं खरं बोलतात. एआयएस १४० हे सरकारी मानक प्रवासी वाहनांसाठी आलं, बस, टॅक्सी अशा. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या नव्या प्रवासी वाहनांना ते लागू झालं, रिक्षा वगळून. त्यात डब्याबरोबर संकटकाळी दाबायचं लाल बटणही लागतं. तेव्हा तुमच्या बसचं आधी आरटीओत विचारा, आणि बस भाड्याच्या असतील तर ते बसमालकाने बघायचं आहे. साध्या मालाच्या गाड्यांना त्या मानकाचा डबा घेतलाच पाहिजे असं नाही. धोकादायक रसायनं नेणाऱ्या मोठ्या गाड्यांसाठी मात्र वेगळा नियम आहे. तुमच्या नऊपैकी एखादी ॲसिड किंवा सॉल्व्हंट नेत असेल तर तिची चौकशी स्वतंत्र करा.

तिसऱ्याला चहा पाजा आणि पाठवून द्या. इंजिन बंद करणारा रिले मी आमच्या एकाही गाडीत बसू दिला नाही. विक्रेता सांगतो, गाडी चोरीला गेली की मोबाईलवरून बंद करा. ऐकायला गोड आहे. पण चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची ताकद जाते. मुंब्रा बायपासच्या उतारावर भरलेली चौदा फुटी आहे, आणि ऑफिसातल्या कुणाचं तरी बोट चुकीच्या गाडीवर पडलं, अशी कल्पना करा. मी केली होती, म्हणून रिले बसू दिला नाही आणि रात्री झोप यायची. बसवायचाच असेल तर असा, की उभी गाडी पुन्हा सुरू होऊ देणार नाही, चालती गाडी मात्र बंद करणार नाही. हे लिहून घ्या. आणि बसमध्ये कुठल्याच अटीवर नको.

बाकी फुकटचे सल्ले. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गॅरेजवाले गाडी तपासायचं यंत्र जोडतात त्या खाचेत, खोचायचा डबा पाच मिनिटांत बसतो आणि दोन सेकंदांत निघतो, म्हणून वायरीचा घ्या. वायर जोडताना इग्निशनचीही जोडून घ्या, काही कारागीर ती टाळतात आणि मग इंजिन चालू का बंद ते कळतच नाही. डब्यात स्वतःची छोटी बॅटरी हवी, म्हणजे गाडीची बॅटरी काढली तरी तो कळवेल. डबा सतत थोडी वीज खातो, त्यामुळे एखादी गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी उतरलेली सापडेल, तेव्हा ड्रायव्हरला बोल लावू नका. फक्त टू-जीवर चालणारा डबा स्वस्तात देतील, घेऊ नका. यातली सिम १३ आकडी नंबरची असतात. ती कुणाच्या नावावर आहेत आणि विक्रेता बदलला तर जुन्या नोंदी तुम्हाला एक्सेलमध्ये मिळणार का, हे दराच्या आधी विचारा. आमचा पहिला विक्रेता एका श्रावणात फोन उचलायचा बंद झाला. वर्षभराच्या नोंदी त्याच्याच कॉम्प्युटरवर राहिल्या.

प्रश्न : ताई, मी कळंबोलीला एका कंपनीत अकाउंट्स बघते. ट्रॅकिंग आणि डिझेल सेन्सर मिळून वर्षाचा खर्च किती दिवसांत सुटेल याचा तक्ता करायला साहेबांनी सांगितलंय. डिझेलची चोरी १० टक्के धरली आहे. तक्ता आणि विक्रेत्याचं बिल सोबत पाठवते. शिवाय आता दिवसभर स्क्रीन बघायचं कामही माझ्याकडे आलंय, ते वेगळंच. बरोबर आहे ना?

उत्तर : १० टक्के कुठून आले? विक्रेत्याच्या पत्रकातून आले असतील तर खोडा. तुमच्याकडे पंपाची बिलं आहेत आणि गाड्यांचे किलोमीटर आहेत. प्रत्येक गाडीचं सहा महिन्यांचं ॲव्हरेज काढा आणि एकाच बनावटीच्या गाड्या शेजारी शेजारी ठेवा. एखादीच मागे असेल तर आधी तिचे टायर, क्लच, इंजेक्टर बघायला गॅरेजला पाठवा. आमच्याकडे ‘डिझेल काढतो’ म्हणून ज्याच्यावर दोन वर्षं संशय होता, त्याच्या गाडीचे मागचे ब्रेक घासत होते.

खरा खर्च लपलेला असतो तो उभ्या गाडीच्या चालू इंजिनात. आम्ही एकदा आमची चौदा फुटी गोदामात उभी करून मोजलं, तासाला पाऊण लिटरच्या आसपास गेलं. एपीएमसीच्या रांगेत, गेटवर, विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की ऐरोलीकडे लागणाऱ्या रांगेत, सगळीकडे इंजिन चालूच. ते रिपोर्टमध्ये ‘आयडलिंग’ म्हणून मिळतं आणि त्याला टाकीतला सेन्सर लागत नाही. म्हणून सेन्सर आत्ता सगळ्या गाड्यांना घेऊ नका. तो टाकीत उभा सोडलेला दांडा असतो. गाडी चढावर उभी राहिली की डिझेल एका बाजूला जातं आणि तुमच्या स्क्रीनवर पाच लिटर चोरीला जातात. टाकी रिकामी करून, थोडं थोडं मोजून भरत, प्रत्येक टाकीची मोजपट्टी वेगळी बसवावी लागते. ते धीराने करणारा माणूस मिळाला तर दोन मोठ्या गाड्यांवर करून बघा.

दिवसभर स्क्रीन बघण्याचं काम कुणीच करू नये, अकाउंट्सवालीने तर नाहीच. मी दिवसातून चार वेळा बघायची. गाड्या सुटल्यावर, अकराला, जेवणानंतर आणि शेवटची गाडी यायच्या वेळी. मधे ड्रायव्हरचा फोन आला तर. ही चार वेळांची यादी साहेबांना लिहून द्या आणि खाली त्यांची सही घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी एखादी गाडी कुठे अडकली तर ‘तू बघत नव्हतीस का’ हे तुमच्यावरच येईल.

तक्ता मी दोनदा तपासला. गाड्या १४ आहेत आणि खाली महिन्याचं भाडं १५ डब्यांचं लावलेलं आहे. बिलात पंधराव्या डब्यापुढे जो गाडीनंबर आहे तो तुमच्या गाड्यांच्या यादीत नाही. मार्चमध्ये विकलेली गाडी असावी. तिचा डबा अजून चालू आहे का ते बघा, चालू असेल तर नव्या मालकाला आज फोन करून सांगा, आणि विक्रेत्याकडून मार्चपासूनचे पैसे मागा.